मुक्कामाची मुदत

२७ नोव्हेंबर २००८ ही तारीख मराठी वाचकाला आठवते ती ताजच्या घुमटाभोवतालच्या धुरामुळे. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता आणि घरोघरी टीव्हीपुढून कोणी हलत नव्हते. त्याच दिवशी बगदादमध्ये इराकच्या संसदेने एका करारावर मतदान केले. २७५ जणांच्या सभागृहात १९८ हजर होते. त्यांपैकी १४९ जणांनी बाजूने मत दिले. अमेरिकेची फौज इराकमध्ये कुठे राहील, तिच्या सैनिकाने गुन्हा केला तर खटला कोणाच्या कोर्टात चालेल आणि ती परत कधी जाईल, हे त्या करारात लिहिले होते. शहरांतून ३० जून २००९ पर्यंत, देशातून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत.

माझ्या नजरेस ही बातमी बऱ्याच दिवसांनी पडली, तीही आतल्या पानावर. ती वाचताना मी एक गोष्ट शोधत राहिलो: अमेरिकेच्या संसदेत किती मते पडली? उत्तर सापडले नाही, कारण तिथे मतदान झालेच नव्हते. वॉशिंग्टनमध्ये त्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती हे खरे, पण सुट्टी नसती तरी फरक पडला नसता. करार काँग्रेसपुढे मंजुरीसाठी ठेवायचाच नाही, असे अध्यक्ष बुश यांच्या प्रशासनाने ठरवले होते. (काँग्रेस म्हणजे या पुस्तकात सर्वत्र अमेरिकेचे कायदेमंडळ; आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत होऊ नये.) आठवडाभर आधी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने या करारावर सुनावणी घेतली, तेव्हा प्रशासनाने अधिकृत इंग्रजी मसुदा जाहीर केलेला नव्हता. उपसमितीचे अध्यक्ष बिल डेलाहंट यांना अरबीत प्रसिद्ध झालेल्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर पुढ्यात घेऊन चर्चा करावी लागली. फौज अमेरिकेची, पैसा अमेरिकेचा, आणि अमेरिकेचे खासदार आपल्याच सरकारचा करार दुसऱ्याच्या भाषेतून वाचत होते.

या पुस्तकाचे बीज त्या दृश्यात आहे.

परदेशात फौज धाडण्याच्या दोन अवस्था असतात, आणि मराठीत त्यांना चांगले जुने शब्द आहेत: स्वारी आणि मुक्काम. स्वारी सगळ्यांना दिसते. तिला सुरुवात असते, भाषणे असतात, वर्तमानपत्रांत नकाशे छापून येतात, आणि संसदेला निदान विचारावे लागते. मुक्कामाचे तसे नसते. तंबूच्या जागी पत्र्याची शेड येते, शेडच्या जागी सिमेंटची इमारत, मग धावपट्टी लांबते, मग सैनिकांच्या मुलांसाठी शाळा निघते. यातल्या कुठल्या दिवशी संसदेने हात वर करायचा? राज्यघटना लिहिणाऱ्यांनी पहारा बसवला तो स्वारीच्या दारावर. मुक्काम मागच्या दाराने आत येतो आणि बिऱ्हाड थाटतो. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: कायदेमंडळाचा लगाम तिथेच चालला, जिथे कागदावर संपण्याची तारीख होती. भाडेकरूला अकरा महिन्यांचा करार लिहून देणाऱ्या मुंबईकर घरमालकाला हे समजावून सांगावे लागू नये.

खरे तर महाराष्ट्राला हा विषय पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे निदान सहा हजार पायदळ कायमचे पदरी घेतले आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. शाळेत आपण ‘तैनाती फौज’ हा शब्द पाठ करतो तो हाच. शाळेत सांगत नाहीत ती दुसरी बाजू अशी की, असले उद्योग गव्हर्नर जनरलने परस्पर करू नयेत म्हणून ब्रिटिश संसदेने १७८४ सालीच कायदा केला होता. हिंदुस्थानात राज्यविस्ताराच्या मोहिमा काढणे राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आहे असे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि लंडनच्या हुकमाशिवाय युद्ध वा युद्धाकडे नेणारा तह करायला मनाई होती. अपवाद एकच: शत्रूने आधी लढाई सुरू केली असेल किंवा तशी तयारी चालवली असेल तर. लॉर्ड वेलस्लीने त्या अपवादातून अख्खी फौज नेली. पत्र लंडनला पोहोचायला महिने लागत. संसदेत वाद झाला तोवर शिंदे आणि भोसले यांच्याशी लढाया होऊन तहही झाले होते. कायदा होता, अपवाद होता आणि उशीर होता. पुढच्या दोनशे वर्षांत या तीन गोष्टी आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतील.

१८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने ब्रिटिश संसदेने आणखी एक पाचर मारली: हिंदुस्थानच्या सीमेबाहेरच्या लष्करी मोहिमेचा खर्च हिंदी तिजोरीतून करायचा तर दोन्ही सभागृहांची संमती हवी. मुंबई बंदरातून निघालेल्या ॲबिसिनियाच्या मोहिमेसाठी १८६७ मध्ये ती घेतलीही गेली. १८७८ मध्ये डिझरायली सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून थेट माल्टाला नेले, तेव्हा मात्र संसदेला आधी सांगितलेच नव्हते, आणि त्यावरून कॉमन्समध्ये जोरदार खडाजंगी झाली. पण संमती देणाऱ्या सभागृहात खर्च सोसणाऱ्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. परदेशातल्या फौजेवर कायदेमंडळाचा अंकुश हा प्रश्न एका पुणेकराने लंडनमध्ये आकड्यांनिशी मांडला होता, हे मला तरी थोडे सुखावणारे वाटते.

आता विषयाच्या मुख्य रंगभूमीकडे. १७८७ ची अमेरिकी घटना लिहिणाऱ्यांना खड्या फौजेची धास्ती होती. इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या सनदेने शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय फौज ठेवणे बेकायदा ठरवले होते, तो धडा त्यांच्यासमोर होता. त्यांनी युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला, आणि शिवाय लष्करासाठी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाचा पैसा मंजूर करायचा नाही, असे घालून दिले. पहिल्या तरतुदीवर ग्रंथालये भरतील एवढे लिहिले गेले. माझ्या मते हुशारीची तरतूद दुसरी आहे. तिच्यात तारीख आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र फौज घरी परतली नाही. १९५१ मध्ये ट्रुमन यांनी युरोपात आणखी चार डिव्हिजन धाडायचे ठरवले, तेव्हा सिनेटर टाफ्ट यांनी विचारले की हे ठरवणारे तुम्ही कोण? तीन महिने वाद चालला. शेवटी सिनेटने ६९ विरुद्ध २१ मतांनी ठराव केला: या चार डिव्हिजन जाऊ देत, यापुढच्या मात्र काँग्रेसला विचारल्याशिवाय नकोत. ठराव बंधनकारक नव्हता आणि त्यात मुदत नव्हती. त्या फौजेचे वारस आजही जर्मनीत आहेत. वीस वर्षांनी सिनेटर मॅन्सफिल्ड यांनी युरोपातली फौज निम्मी करण्याची दुरुस्ती मांडली. ती ६१ विरुद्ध ३६ अशी पडली.

मधल्या काळात व्हिएतनाम झाले. टोंकिनच्या आखाताचा १९६४ चा ठराव प्रतिनिधिगृहात एकमताने आणि सिनेटमध्ये फक्त दोघांच्या विरोधात मंजूर झाला, आणि कोऱ्या चेकवर सही केल्याचा पश्चात्ताप काँग्रेसला पुढची दहा वर्षे झाला. या पश्चात्तापातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट, माझ्या लेखी, कायदा नसून एक चौकशी होती. सिनेटर सायमिंग्टन यांच्या उपसमितीने १९६९-७० मध्ये आपले दोन तपासनीस देशोदेशी फिरवले आणि आपल्या सरकारने कुठे काय कबूल करून ठेवले आहे याची यादी करायला सांगितले. लाओस, थायलंड, स्पेन असे एकेक गाठोडे सुटत गेले. सिनेटला जे ठाऊक नव्हते त्यावर ती मत कशी देणार होती? त्यातून १९७२ चा केस कायदा आला: परराष्ट्रांशी केलेला प्रत्येक करार साठ दिवसांत काँग्रेसला कळवायचा. कळवायचा, विचारायचा नव्हे.

आणि १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार उलटवून युद्धाधिकारांचा तो प्रसिद्ध ठराव आला. त्याचे ‘साठ दिवसांचे घड्याळ’ सर्वांना माहीत असते. त्याच्या पोटातली एक बारीक गोष्ट फारशी कोणी वाचत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. अध्यक्षांनी तीन प्रसंगी अठ्ठेचाळीस तासांत अहवाल द्यायचा आहे: फौज लढाईत उतरली तर, लढाईच्या तयारीने परदेशात शिरली तर, आणि परदेशात आधीपासून असलेली लढाऊ फौज बरीच वाढवली तर. तिसरा प्रसंग म्हणजे आपला मुक्कामच. कायदा लिहिणाऱ्यांना तो दिसला होता. पण घड्याळाला चावी बसते ती फक्त पहिल्या प्रसंगाने. बाकी दोन्हींत अहवाल आला, फाइलला लागला, संपले. मुक्काम वाढत राहो. गोळी सुटली नाही तर घड्याळ बंदच. आणि गोळी सुटली तरी? २०११ मध्ये लिबियावर बाँब पडत असताना ओबामा प्रशासनाने सांगितले की कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’ ही नव्हे.

मूळ कायद्यात आणखी एक दात होता: अध्यक्षांच्या सहीशिवाय, दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताने फौज परत बोलावता येत असे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात असल्या सर्वच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. खटला युद्धाचा नव्हता. केनियातून शिकायला आलेल्या एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला देशाबाहेर काढण्याचा होता. तेव्हापासून फौज परत आणायची तर अध्यक्षांचा नकाराधिकार उलटवण्याइतकी, म्हणजे दोन तृतीयांश मते लागतात. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातला सहभाग थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, ट्रंप यांनी तो नाकारला, आणि सिनेटमध्ये पुन्हा मत झाले तेव्हा ५३ विरुद्ध ४५. बहुमत हरले.

यावर अभ्यासकांचे तट पडले आहेत. जॉन यू यांच्यासारखे म्हणतात की सेनापती अध्यक्ष आहे. काँग्रेसला नको असेल तर तिने पैसा थांबवावा, तेवढे हत्यार पुरे. लुई फिशर आणि जॉन हार्ट इली यांचे उत्तर असे की घटनेने निर्णय काँग्रेसवर सोपवला आहे आणि तिने तो टाळणे हाच मूळ रोग आहे. तिसरा तट पोस्नर-व्हर्म्यूल यांचा: कायदे हे कागद आहेत, कार्यकारी सत्तेला आवरते ते लोकमत आणि निवडणूक. हॉवेल आणि पेव्हहाउस यांनी आकडे लावून दाखवले की सभागृहात विरोधी पक्ष मोठा असला की अध्यक्ष फौज धाडताना अडखळतात. म्हणजे मत न देताही संसद काही करत असते. चौथ्या बाजूला ॲलेक्झांडर कूली, केंट काल्डर, कॅथरिन लुट्झ ही मंडळी आहेत, ज्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि यजमान देशाच्या अंगणातून पाहिले. पैशाच्या हत्याराबद्दल मला इतकेच सांगायचे आहे की ते लढाईच्या शेवटी चालते. सोमालियात १९९३ मध्ये काँग्रेसने ३१ मार्च १९९४ ही तारीख टाकून पैसा तोडला आणि फौज परतली. पण मुक्कामाचा पैसा एकूण संरक्षण खर्चात इतका विरघळलेला असतो की तो वेगळा काढायचा कसा? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नायजरमध्ये चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा तिथे आपली एवढी फौज आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे सिनेटर लिंड्से ग्रॅहम यांनी टीव्हीवर सांगितले. ते लष्करी सेवा समितीचे सदस्य होते.

यजमानांच्या संसदांनी मात्र कधीकधी कमाल केली आहे. १ मार्च २००३ रोजी तुर्कस्तानच्या संसदेपुढे ६२ हजार अमेरिकी सैनिकांना देशातून इराकवर जाऊ देण्याचा प्रस्ताव आला. इस्केंदेरूनजवळच्या समुद्रात रणगाड्यांनी भरलेली जहाजे थांबली होती. २६४ बाजूने, २५० विरोधात, १९ तटस्थ. बाजूने मते जास्त, तरी प्रस्ताव पडला, कारण हजर सदस्यांचे निम्म्याहून अधिक बहुमत लागत होते आणि ते तीन मतांनी हुकले. जहाजांना कालव्यातून उलटा वळसा घालून कुवेतकडे जावे लागले. फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांचा नवा करार फेटाळला. तिथे तारीख होती: जुना करार त्या वर्षी संपत होता, आणि मार्कोसनंतरच्या घटनेत लिहून ठेवले होते की त्यापुढे परकी तळ हवा तर सिनेटची संमती घ्या. जून महिन्यात पिनातुबो ज्वालामुखीने क्लार्कचा विमानतळ राखेखाली गाडून मदतच केली होती. पुढच्या वर्षी सुबिक बंदर रिकामे झाले. आणि मग २०१४ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मुक्कामाला पुन्हा वाट मिळाली, एका कार्यकारी कराराने, सिनेटला न विचारता. कागदावर या जागांना ‘तळ’ म्हटलेले नव्हते. होती ती ‘मान्य ठिकाणे’. न्यायालयानेही २०१६ मध्ये ते चालवून घेतले. या विषयात शब्दांवर नजर ठेवावी लागते. फौजेच्या मुक्कामाच्या करारांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सोफा’ म्हणतात, आणि एकदा त्यावर बसलेला पाहुणा सहसा उठत नाही.

जर्मनीची वाट वेगळी. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले की सशस्त्र फौज परदेशी जाईल ती संसदेच्या संमतीनेच. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. प्रथा अशी पडली की संमती साधारण वर्षभराची, सैनिकांचा कमाल आकडा ठरलेला, प्रदेश ठरलेला. अफगाणिस्तानातला मुक्काम जवळपास वीस वर्षे असाच वर्षागणिक नूतनीकरण करत चालला. कोणी म्हणेल, मग उपयोग काय झाला? संमतीची सवय होते, हे खरे आहे. पण दरवर्षी मंत्र्याला उभे राहून आकडा सांगावा लागला. नायजरसारखी ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ ही पळवाट जर्मन खासदाराला उरली नाही.

कायदेमंडळ म्हणजे शांततेचा दूत, असा भाबडा समज करून घेऊ नये हेही सांगून ठेवतो. २०२० मध्ये ट्रंप जर्मनीतली फौज कमी करायला निघाले, तेव्हा काँग्रेसनेच संरक्षण खर्चाच्या कायद्यात अट घातली की आकडा ३४,५०० च्या खाली नेण्याआधी आम्हाला कारणे द्या. ट्रंप यांनी कायदा नाकारला. काँग्रेसने १ जानेवारी २०२१ ला तो नकार उलटवला. ट्रंप यांच्या पहिल्या कारकिर्दीत उलटलेला हा एकमेव नकाराधिकार, आणि तो उलटला फौज ठेवण्याच्या बाजूने.

भारताविषयी पुस्तकात एकच प्रकरण आहे आणि ते लहान आहे, कारण सांगण्यासारखा कायदाच नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्या दिवशी शांतिसेना जाफन्यात उतरू लागली. लोकसभेत मतदान घेऊन ती गेली नव्हती. मार्च १९९० मध्ये ती परतेपर्यंत हजाराहून अधिक जवान कामी आले. आपल्या राज्यघटनेत तसे मतदान घेण्याची सक्ती तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरीही संसदेचे वजन असते, याचा एक दाखला मला फार आवडतो. एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी अध्यक्षस्थानी असताना, लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरुद्ध ठराव केला. कोणता शब्द वापरायचा यावर दिवसच्या दिवस घोळ चालला, आणि शेवटी हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द अशी तडजोड झाली. तीन महिन्यांनी अमेरिकेने इराकसाठी भारताची एक डिव्हिजन मागितली असताना वाजपेयी सरकारला ती धाडणे जमले नाही. एका हिंदी शब्दाने फौज थांबवली असे मी म्हणणार नाही. पण तो शब्द वाटेत आडवा पडलेला होता.

आता या पुस्तकाविषयी. हे कायद्याचे पाठ्यपुस्तक नाही आणि युद्धांचा इतिहासही नाही. प्रत्येक ठिकाणी मी एकाच कागदाच्या मागे गेलो आहे: ज्याच्या जोरावर फौज तिथे राहिली, तो. तो कोणी लिहिला, कोणी वाचला, कोणापासून लपवला आणि त्यात मुदत होती का. चीन आणि रशिया यांचे परदेशी तळ मी मुद्दाम वगळले आहेत, कारण ज्या संसदेला नाही म्हणता येत नाही तिच्या लगामाविषयी लिहिण्यासारखे थोडे असते. इराकवर मात्र तीन प्रकरणे खर्च केली आहेत, आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. २०११ मध्ये तारीख आली, सैनिकांच्या कायदेशीर संरक्षणाला इराकी संसद मंजुरी देईना, आणि फौज गेली. २०१४ मध्ये ती राजनैतिक पत्रांच्या देवाणघेवाणीवर परत आली, त्या पत्रांवर कुठल्याच सभागृहात मतदान झाले नाही. आणि ५ जानेवारी २०२० ला त्याच इराकी संसदेने परकी फौज घालवण्याचा ठराव केला, तरी वर्षे उलटूनही ती तिथेच होती.

परिशिष्टात एक तक्ता जोडला आहे: तळ, कागद, मंजुरी आणि संपण्याची तारीख. तो तयार करताना शेवटचा रकाना भरणे सर्वांत जिकिरीचे गेले. ग्वांटानामोपुढे काहीच लिहिता आले नाही. १९०३ चा भाडेपट्टा १९३४ मध्ये असा लिहून घेतला आहे की दोघांची संमती असल्याशिवाय तो संपत नाही. दिएगो गार्सियापुढे मी आधी २०१६ लिहिले. १९६६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी पत्रांची देवाणघेवाण करून ते बेट पन्नास वर्षांसाठी राखले, आणि बेटाच्या बदल्यात पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या बिलात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट अशी मुरवली की वॉशिंग्टन किंवा लंडनमध्ये कोणाला मत द्यावे लागू नये. पण त्या पत्रांत आणखी एक ओळ होती: मुदतीआधी कोणी नोटीस दिली नाही तर करार आपोआप वीस वर्षे पुढे चालेल. २०१६ उलटले, नोटीस कोणीच दिली नाही. मी २०१६ खोडून २०३६ लिहिले. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या नव्या तहावर सह्या केल्या, तेव्हा पुस्तकाची प्रुफे अजून यायची होती. त्या रकान्यात आता पेन्सिलीने लिहिले आहे.